पालकांचा रकाना

लोखंडी सळ्यांच्या रोलिंग मिलमध्ये सोळा वर्षं काढली, पण सांगण्यासारखे किस्से मोजून चार. बी.एड.ला येऊन दीड वर्ष होत नाही तोच पोतंभर जमले. चाळिशी ओलांडलेली माणसं पुन्हा बाकावर बसवली की ती काही ना काही उद्योग करतातच. अडचण एवढीच, की संध्याकाळी खोलीवर गेल्यावर हे सांगायचं कोणाला? तिथं मी एकटाच असतो. म्हणून तुम्हाला धरलंय. बसा जरा.

जालन्याच्या आमच्या कॉलेजात आम्ही तिघं वयस्क. खरात सुभेदार फौजेतून रिटायर होऊन आलेले. सुनीताताई वडीगोद्रीच्या, पंधरा वर्षं दवाखान्यात नर्स होत्या. आणि मी साळवे, एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर होतो. बाकीचा वर्ग बावीस-तेवीसचा. ती पोरं आम्हाला काका, मावशी म्हणतात आणि नोट्स मात्र आमच्याच मागतात.

मी का आलो तेही सांगून टाकतो. बायको वारली तेव्हा माझी तेजू तीन वर्षांची होती. मिलची पाळी दर आठवड्याला बदलायची, लेकराला कोण बघणार? म्हणून तिला धावड्याला मामा-मामीकडे ठेवली, थोड्या दिवसांसाठी. त्या थोड्या दिवसांना आता आठ वर्षं झाली. मास्तराची नोकरी म्हणजे दिवसाची ड्युटी. सकाळी ती शाळेत, मी शाळेत, संध्याकाळी दोघं घरी. एवढ्यासाठी मिल सोडली. आता संध्याकाळी चार तास एका बियाण्याच्या गोदामावर काम करतो आणि दिवसा शिकतो.

सोडायच्या आधी तेजूला विचारलं होतं, "मी मास्तर झालो तर येशील ना माझ्याकडं राहायला?"

"बघू," ती म्हणाली. मोठ्या माणसांना नाही म्हणायचं नसलं की ती म्हणतात तसं, अगदी बराबर.

*

पहिला किस्सा प्रवेशाच्या दिवशीचा. फॉर्मवर खाली एक रकाना होता, 'पालकांची सही'. मी तो कोरा ठेवला. खिडकीतल्या बाबूंनी फॉर्म परत सरकवला.

"पालकांची सही आणा."

"आई-वडील न्हाईत, साहेब. बायको बी न्हाई. मीच पालक आहे एका पोरीचा."

"ते तुमच्या घरचं झालं. विद्यार्थ्यानं स्वतःच्याच फॉर्मवर पालक म्हणून सही करायची न्हाई. रकाना कोरा चालत न्हाई."

वय एक्केचाळीस. मी खिडकीपाशी फॉर्म धरून उभा. खरं सांगतो, त्या रकान्याकडं बघून जेवढं एकटं वाटलं तेवढं बायको गेल्यावर मयतीला आलेली माणसं परतली तेव्हाच वाटलं होतं.

मागं उभ्या एका मिशाळ माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्याही हातात तसाच फॉर्म होता आणि तोच रकाना कोरा होता.

"मी तुमचा बाप होतो, तुम्ही माझे व्हा," तो म्हणाला. "जल्दी करा, खिडकी बंद होऊन राह्यली."

अशी माझी आणि खरात सुभेदारांची ओळख झाली.

*

आमच्याकडं सूक्ष्म अध्यापन नावाचा प्रकार असतो. सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा. विद्यार्थी म्हणून वर्गातलेच आठ-दहा जण समोर बसतात आणि आपण पाचवीची पोरं आहोत असं नाटक करतात. मागच्या बाकावर शेळके मॅडम निरीक्षणाचा कागद घेऊन बसतात.

माझा पहिला पाठ 'पाण्याचे उपयोग'. मिलमध्ये रोल चालू असले की शेजारच्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं, आणि माझा आवाज सोळा वर्षांत तसाच घडून गेलाय. मी विचारलं, "मुलांनो, आपण पाणी कशासाठी वापरतो?" तेवढ्यात शेजारच्या वर्गातले सर दारात आले.

"काय झालं? कुठं लागली आग?"

मॅडमनी कागदावर लिहिलं, 'आवाजात चढउतार हवा. सध्या फक्त चढ आहे.'

त्या रविवारी तेजूला फोन केला तर ती म्हणाली, "पप्पा, हळू बोला ना. मामीला चुलीपशी ऐकू येऊन राह्यलं." मी आवाज खाली घेतला. पण हळू आवाजात आपल्या पोरीशी काय बोलायचं असतं ते मला सुचेना. मग मी पाऊस पडला का ते विचारलं आणि फोन ठेवला.

*

सुनीताताईंच्या पहिल्या पाठाला तर माझा नंबर पहिल्या बाकावर होता. ताई फार घाबरल्या होत्या. पंधरा वर्षांत हजारो सलाईन लावल्या असतील, आणि आता खडूही सुईसारखा धरला होता. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पाठाचं नाव सांगायच्या ऐवजी दवाखान्यातल्या सवयीनं विचारून बसल्या,

"सोबत कोण आलंय?"

मीही नाटक विसरलो. "कोणी न्हाई," म्हणालो.

सगळा वर्ग खो खो हसला. ताईंनी जीभ चावली, पण माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. तेव्हापासून त्या दुपारच्या सुट्टीत डब्यातली एक भाकरी न विचारता माझ्या पुढ्यात ठेवतात.

*

कॉलेजला युनिफॉर्म आहे. आकाशी शर्ट, निळी पँट, गळ्यात ओळखपत्र. एकदा तसाच गोदामावर निघालो होतो, तर एमआयडीसीच्या चौकात मिलमधला जुना सोबती भेटला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोणत्या कंपनीच्या गेटवर वॉचमन लागला रे?"

मी सांगितलं, "शिकून राह्यलो. बी.एड."

तो हसला, पाठीवर थाप मारली. "बरं, बरं, नको सांगू. गेटचं काम काय वाईट थोडंच असतं!" आणि बाइकला किक मारून गेला.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी कोणत्या तरी गेटचं नाव सांगतो. वेळ वाचतो.

*

पाठाच्या टाचणात दोन रकाने असतात. डावीकडं शिक्षकाचा प्रश्न, उजवीकडं विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर. मॅडम म्हणाल्या, "साळवे, तुमच्या प्रश्नांना सगळीकडे हो किंवा नाही एवढंच उत्तर येतंय. अशानं मूल बोलत नाही. का, कसं, तुझ्या शब्दांत सांग, पूर्ण वाक्यात सांग, असं विचारायचं."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आठ वर्षं मी तेजूला फोनवर काय विचारतो? जेवलीस का? हो. शाळेत गेल्तीस का? हो. बरी आहेस ना? हो. ठेवू? हो.

मग मी फोनचं टाचण काढलं. चक्क दोन रकाने आखून! रविवारी समोर कागद धरून सुरू केलं.

"तेजू, आज तू काय जेवलीस, आणि ते तुला का आवडलं, तुझ्या शब्दांत सांग."

मी कागदावरची पुढची ओळ वाचली.

"पूर्ण वाक्यात सांग."

"पप्पा," ती म्हणाली, "परीक्षा आहे का?"

हे उत्तर माझ्या उजव्या रकान्यात नव्हतं.

*

खोलीवर सराव करतो तेव्हा चार खुर्च्या मांडतो. दोन माझ्या, दोन घरमालकांच्या. मॅडमचंच सांगणं आहे की विद्यार्थ्याला नावानं हाक मारावी. म्हणून खुर्च्यांना नावं दिली आहेत.

एक दिवस घरमालक जिन्यात उभे दिसले. बहुतेक बराच वेळ उभे होते. माझा आवाज ऐकायला जिन्यात यायचीही गरज नव्हती म्हणा.

"साळवे, वर कोणी आल्तं का?"

"न्हाई. वर्ग घेऊन राह्यलो."

त्यांनी आत डोकावलं, चारही खुर्च्या बघितल्या.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण ती तेजू कोण हो? तिलाच लई विचारता तुम्ही. आणि ती एकदा बी उत्तर देत न्हाई."

*

आता शेवटचा, परवाचा. कॉलेजनं नोटीस लावली, 'पालक मेळावा. प्रत्येक छात्राध्यापकाने आपल्या पालकांसह उपस्थित राहावे.' छात्राध्यापक म्हणजे आम्ही. खरात सुभेदार वाचून म्हणाले, "बस का, मी तुमच्या पालकाच्या खुर्चीवर बसतो, तुम्ही माझ्या." पण शेळके मॅडमनी आधीच सांगून टाकलं की विद्यार्थी पालक म्हणून चालणार नाही. सुभेदारांनी गावाहून बायकोला बोलावलं. सुनीताताईंची सासू येणार होती. माझ्याकडं काही उपाय नव्हता.

मेळाव्याच्याच सकाळी धावड्याहून तेजूचा मामा बियाणं घ्यायला आला आणि शाळेला सुट्टी म्हणून तेजूलाही घेऊन आला. खोली दाखवावी म्हणून दोघांना वर नेत होतो, तर जिन्यात घरमालक.

"ही कोण?"

"माझी पोरगी. तेजू."

घरमालकांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "म्हणजे ती खुर्ची?" म्हणाले, आणि खुर्च्यांची सगळी कहाणी मामाला आणि तिला ऐकवली. मामा हसला. तेजू नाही हसली. खोलीत जाऊन ती चारही खुर्च्यांकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "यातली कोणती?" मी खिडकीजवळची दाखवली. ती त्यावर बसली नाही, नुसता हात ठेवून उभी राहिली.

मामा बाजारात गेला. तेजूला एकटीला कुठं ठेवणार, म्हणून कॉलेजात घेऊन गेलो. वाटेत ती दोन पावलं मागून चालत होती. मला वाटलं, बापाची लाज वाटून राह्यली. वाटणारच.

हॉलमध्ये एकेकाचं नाव पुकारत होते. पालक उठायचे, मॅडम दोन प्रश्न विचारायच्या, मग रजिस्टरवर सही. सुभेदारांच्या बायकोनं तर भर सभेत तक्रार केली, की हे घरी बी सगळ्यांना रांगेत उभं करतात!

"साळवे. तुमच्यासोबत कोण आलंय?"

मी उठलो. तोंडात 'कोणी न्हाई' तयारच होतं. त्याआधी शेजारून आवाज आला.

"मी आलेय."

तेजू उभी होती. हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. रजिस्टरपाशी बसलेल्या त्याच खिडकीतल्या बाबूंनी मान वर केली, ते काहीतरी बोलणार तेवढ्यात मॅडमनी हातानं त्यांना थांबवलं आणि तेजूला पुढं बोलावलं.

"काय गं, पप्पा घरी अभ्यास करतात का?"

हो किंवा नाही एवढ्याच उत्तराचा प्रश्न, तोही मॅडमचा! पण कोणाला सांगता.

"मला म्हाईत न्हाई, मॅडम. मी तिथं राहत न्हाई."

हसणं थांबलं. सुभेदार छताकडं बघायला लागले. सुनीताताईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता मिलमध्ये परत जावं आणि रोलच्या आवाजात उभं राहावं.

"बरं. काही तक्रार आहे पप्पांबद्दल?"

तेजूनं विचार केला. "फोनवर लई प्रश्न विचारतात. आणि खुर्च्यांना शिकवतात. खुर्च्या कशाला बोलतील?"

"खरंय," मॅडम म्हणाल्या आणि रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं. "इथं पालकांचं नाव लिही. इथं विद्यार्थ्याशी नातं. आणि इथं पत्ता, तू राहतेस तो."

"हो, मॅडम."

तिनं शाळेतल्या वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. नात्यापुढं 'मुलगी' लिहिलं. मग पत्त्याच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि तसंच धरून माझ्याकडं मान वळवली.

"पप्पा, खोलीचा पत्ता सांगा. पूर्ण वाक्यात."

मी सांगितला.

ती पेन धरून थांबलीच होती.

"मोठ्यानं सांगा ना, पप्पा. काहीच ऐकू येऊन न्हाई राह्यलं."