लाउकाकांचा सत्कार आणि तळघरातला पुतळा

आम्ही राहायचो त्या पिस्कॅटवेहून पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या डोंगरांत कुणी हौसेनं जात नाही. आम्ही गेलो, कारण आमच्याकडे गाडी होती आणि लाउकाकांकडे नव्हती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा श्रीकांत युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. मला व्हिसामुळे नोकरीची परवानगी नव्हती, म्हणजे मी सरकारमान्य रिकामटेकडी होते. लाउकाका आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये एकटे राहायचे. सत्तरी ओलांडलेले चिनी चित्रकार आणि शिल्पकार. लहानपणी चीनहून ते ज्या गावात वडिलांकडे आले, त्या गावानं त्यांचा सत्कार ठरवला होता. आपल्या गावात एक कलावंत वाढला हे गावाच्या लक्षात यायला फक्त एक आयुष्य लागलं होतं.

शनिवारी सकाळी निघालो. आधी २८७ नंबरचा हायवे, मग इंटरस्टेट ८० धरून सरळ पश्चिमेला. जाणार असाल तर ऑक्टोबरात जा. डेलावेअर नदीच्या खिंडीत डोंगर असे लाल-पिवळे होतात की नवराबायको नकाशावरून भांडायचं थोडा वेळ थांबतात. खाण्याचं मात्र घरूनच न्या. वाटेतल्या डायनरमध्ये मी शाकाहारी असल्याचं सांगितल्यावर वेट्रेसनं प्रेमानं विचारलं, सूपमधलं चिकन वेचून काढू का. शेवटी ग्रिल्ड चीज सँडविच खाल्लं आणि पार्किंगमध्ये येऊन दशम्या-चटणीवर जेवण पूर्ण केलं. लाउकाकांनी तीन दशम्या खाल्ल्या आणि श्रीकांतच्या ड्रायव्हिंगला पुन्हा नावं ठेवायला लागले.

पोकोनोचे डोंगर मागे पडल्यावर काकांनी रेडिओवरच्या बेसबॉल खेळाडूंना शिव्या घालणं थांबवलं आणि मॅच बंद केली. सत्काराचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. त्यांना पुतळा बघायचा होता. त्यांच्या वडिलांची त्या गावात लाँड्री होती आणि मागच्या खोलीत बापलेक राहायचे. वडील गेल्यावर काकांनी त्यांचा ब्राँझचा पुतळा केला, इस्त्रीवर वाकलेला, आणि गावाला भेट दिला. तो लायब्ररीत ठेवला होता. त्यानंतर काकांचं तिकडे जाणं झालं नव्हतं. "माझं सगळ्यात चांगलं काम तेच," ते म्हणाले. "बाकी चित्रं मी विकली. ते विकता आलं नसतं."

गाव म्हणजे एक लांब रस्ता, बंद पडलेली खाण आणि गरजेपेक्षा बरीच जास्त चर्च. शाळेच्या हॉलवर कागदी कंदील लटकवले होते. बॅनरवरची इंग्रजी अक्षरं चिनी दिसावीत म्हणून बांबूच्या काड्यांसारखी काढली होती आणि त्यांत काकांचं नाव चुकलं होतं. समितीच्या अध्यक्ष बार्बराबाई किमोनो घालून स्वागताला आल्या. किमोनो जपानचा असतो हे त्यांना सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. माझी साडी बघून त्यांनी विचारलं की मीही कार्यक्रमात काही सादर करणार आहे का. मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा पडला.

भिंतीवर काकांची, विकत घेणाऱ्यांकडून मागून आणलेली चित्रं होती: कोळशाचे ढीग, बर्फातल्या खाणीच्या शेड्स, शिफ्ट सुटल्यावर घरी निघालेली माणसं. प्रत्येक चित्रात हेच गाव होतं, आणि गावकरी त्यांच्यासमोरून जाताना बांबू आणि बगळे शोधत होते. काका ते काही न बघता थेट बार्बराबाईंकडे गेले आणि पुतळा कुठे आहे, असं विचारलं.

बाई गोड हसल्या. पुतळा अगदी सुरक्षित आहे, म्हणाल्या. लायब्ररीत येणाऱ्यांना तो थोडा उदास वाटायचा, म्हणून हलवला. कुठे, हे सांगायला त्यांना बराच वेळ लागला. आम्ही उभे होतो त्याच हॉलच्या खाली, तळघरात.

आम्ही तिघं खाली उतरलो. बास्केटबॉलची जाळी, मोडकी बाकं, प्लास्टिकचा सांताक्लॉज. त्यांच्यामागे चादरीखाली पुतळा होता. श्रीकांतनं चादर ओढली. बारीक अंगाचा माणूस, बाह्या वर केलेल्या, एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातानं समोरच्या शर्टाची कॉलर सरळ धरलेली. मान वाकलेली, पण नजर कामावर इतकी एकाग्र की आपण मध्येच काही विचारलं तर तो रागावेल असं वाटलं. मला त्यात उदास काही दिसेना. थकलेला माणूस बघायची सवय नसली की तो उदास दिसत असावा.

काकांनी खिशातला रुमाल काढला आणि पुतळ्याच्या मानेवरची धूळ पुसायला घेतली.

वरून दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा त्यांनी मला सांगायला लावलं की येत नाही. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण रुमाल थांबत नव्हता. वर चॉपसुई गार होत होतं. शेवटी मेयर स्वतःच मानपत्राची फळी काखेत घेऊन खाली आले. त्यांच्यामागून बार्बराबाई आल्या आणि मग उत्सुकता न आवरलेला निम्मा हॉल. जागा नव्हती, त्यामुळे लोक सांताक्लॉजला टेकून उभे राहिले.

मेयरनी तयार भाषण वाचलं. काकांनी गावाला पूर्वेची प्राचीन शांती दिली, असं त्यात होतं. ज्यानं हे लिहिलं त्यानं काकांच्या शेजारी बसून बेसबॉलची मॅच ऐकलेली नव्हती.

मग एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि बराच वेळ पुतळ्याकडे बघत राहिले. "हा चार्ली आहे," ते म्हणाले. "माझ्या लग्नाचा शर्ट यानंच धुऊन इस्त्री केला होता."

"त्यांचं नाव चार्ली नव्हतं," काका म्हणाले.

"आम्ही सगळे चार्लीच म्हणायचो."

"माहीत आहे. ते ओ द्यायचे, कारण गिऱ्हाईक होतात तुम्ही. त्यांचं नाव लाउ गिम सिंग." मग काका मेयरकडे वळले. "माझा सत्कार नंतर करा. आधी हे नाव म्हणा."

मेयरनी म्हणून बघितलं, चुकलं. काकांनी परत सांगितलं. परत चुकलं. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढली आणि हळूहळू, एकेक शब्द चाचपत, पूर्ण नाव बरोबर म्हटलं. त्यांच्यापाठोपाठ मेयरनाही जमलं. मगच काकांनी फळी हातात घेतली. तिच्यावरही त्यांचं नाव चुकलेलंच होतं.

रात्र मोटेलमध्ये काढून रविवारी परत निघालो. वाटेत मी म्हटलं, "बघा, शेवटी सगळे तुमच्या बाबांसाठी उभे राहिले."

"खुर्च्या नव्हत्या म्हणून," काका म्हणाले. आणि खिडकीबाहेर बघत खूप वेळ हसत राहिले.

पुतळा लायब्ररीत परत गेला का, मला ठाऊक नाही. बार्बराबाईंनी समितीसमोर विषय मांडते म्हटलं होतं, आणि समित्या काय करतात हे आपण सगळे जाणतो. घरी पोचल्यावर श्रीकांतनं डोंगरांचे फोटो धुवायला टाकले. ते छान आले. पुतळ्याचा एकही काढायचं आम्हाला सुचलं नव्हतं. माझ्याकडे राहिलं ते एक नाव, आणि ते मला अजून बरोबर म्हणता येतं.