ताईची गाडी परवडते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही धड कळत नाही.

मी इलेक्ट्रिक गाडी घेतली, त्यातल्या त्यात स्वस्तातली. पैसे वाचावेत म्हणून? छे. मला तिची शांतता हवी होती. मुलुंडहून गोरेगावच्या ऑफिसला जाताना सकाळी आरेचा रस्ता लागायचा. झाडांची सावली काचेवरून सरकत राहायची, पाखरं ऐकू यायची, आणि वाटायचं, कुणीतरी आपल्याला अर्धवट झोपेतच उचलून नेतंय. पण शांततेसाठी गाडी घेतली, असं सांगणार कुणाला? वेड्यात काढलं असतं. म्हणून मी सांगत सुटले — फार परवडते हो, पेट्रोलच्या मानाने खर्च काहीच नाही.

यात खोटं काय? सांगते. ऑफिसच्या तळघरात आम्हाला चार्जिंग फुकट होतं. आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये प्लग द्यायला केव्हाच नकार दिला होता. दोन-चारदा बाहेर चार्ज करावी लागली, तेव्हा पैसे देताना माझाच चेहरा उतरला होता. म्हणजे मला माहीत होतं. तेवढंच मी गाळायचे.

मग मंगेशने विचारलं. माझा धाकटा भाऊ. अंधेरीतल्या आजारी, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायचा-आणायचा, त्याच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीतून. त्याच्या बिल्डिंगला पार्किंगच नाही, गाडी रस्त्यावर. मी त्याला आरेतून फिरवून आणलं. तो खिडकीला डोकं टेकून पाखरं ऐकत होता.

"ताई, खरंच परवडते ना गं?"

"बिनधास्त घे," मी म्हणाले.

त्याने जुनी विकली, कर्ज काढलं, माझ्यासारखीच घेतली. आणि रोज बाहेर चार्जिंगच्या रांगेत अडकू लागला. पैसे पेट्रोलपेक्षा फारसे कमी जात नव्हते, वर सकाळ रांगेत जायची. डायलिसिसची माणसं थांबणार किती? त्यांनी दुसरा ड्रायव्हर बघितला.

एका रविवारी तो घरी आला. दाढी वाढलेली. म्हणाला, "तुझी परवडते, मग माझीच का नाही? ॲक्सिलरेटरवर माझाच पाय जड पडतो का गं?"

एका वाक्याचं काम होतं. मी काय केलं? त्याच्या शेजारी बसले आणि त्याला गाडी चालवायला शिकवलं — मी, त्याला — ज्याने मला गाडी शिकवली होती. "पाय हलका ठेव रे. सवय होईल." बाहेर पिवळसर संध्याकाळ होती, गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जात होती, आणि तो शहाण्या मुलासारखा मान डोलावत होता. मला तेव्हा छान वाटत होतं. हेही सांगूनच टाकते.

पुढे त्याने ती गाडी तोट्यात विकली. आता दुसऱ्याची चालवतो. गणपतीत सगळे जमले की गाड्यांचा विषय निघतोच. मग मंगेश हसत म्हणतो, "ताईने शिकवलं होतं यार, मलाच जमलं नाही."

सगळे हसतात. मीही हसते.