फरीदाचं होडीचं चित्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — कदाचित तुम्ही फरीदाला ओळखत नाही म्हणून.

फरीदा माझी शेजारीण. मांडवीला आमची घरं लागून, मध्ये फक्त चिऱ्याचा गडगा. माझे यजमान गेले, त्याच सुमाराला मी शाळेतून निवृत्त झाले. सकाळ उजाडली की करायचं काय, हा प्रश्न नुसता अंगावर यायचा. भाचीने दिलेली जलरंगांची पेटी कपाटात पडून होती. ती काढून ओट्यावर बसले, तर गडग्यावरून फरीदा डोकावली. "काय करताय ओ ताई? मला पण शिकवा की!"

मला तरी कुठे येत होतं? पण बसलो दोघी, तिच्या पडवीत. मग रोजच बसू लागलो. तिचा नवरा जहाजावर, मुलगी शाहीन कॉलेजात. तिचीही सकाळ मोकळीच. रोज पोस्टकार्डाएवढा एक कागद रंगवायचा, बिघडला तरी चालेल — एवढंच ठरवलेलं. मी कंटाळा केला की ती गडग्याशी येऊन ओरडायची, "ताई, पाणी भरून ठेवलंय, या लवकर!" ती नसती तर ती पेटी केव्हाच परत कपाटात गेली असती. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना मला ते सोयीस्करपणे विसरायला आवडेल.

आमच्या दमट हवेत रंग लवकर वाळत नाही. मला धीर कुठला? आकाश ओलं असतानाच मी माड काढायला जायचे, आणि हिरवा रंग सगळा ढगांत पसरायचा. फरीदा कागद बाजूला ठेवून मासे साफ करून यायची, हात साबणाने धुवायची, आणि मग शांतपणे ब्रश उचलायची. घाई तिच्या स्वभावातच नाही.

गावातल्या हौशी लोकांचं एक प्रदर्शन भरणार होतं. त्याच दिवसांत तिने ते चित्र काढलं. धुक्यातली एक होडी, खाली मांडवीची काळी वाळू. आणि पाण्यावरचा उजेड — तो तिने रंगवलाच नव्हता. तिथे कागद तसाच कोरा सोडला होता. मला हे कधी जमलं नाही. कोरी जागा दिसली की मी ती भरून टाकते.

"ताई, ही देऊ काय ओ प्रदर्शनाला?" तिने विचारलं. तोंडावर पदर, हसू लपवत.

मी चष्मा काढला. पुसला. वेळ काढत होते, दुसरं काय? माझी दोन चित्रं द्यायची आधीच ठरली होती, आणि ही होडी शेजारी लागली तर माझ्या माडांकडे कोण बघणार होतं?

"अजून कच्चं आहे गं," मी म्हटलं. "एक वर्ष थांब."

अगदी मायेने म्हटलं. तेच जास्त लागतं मला आता.

"तुम्ही म्हणता तर थांबते," ती म्हणाली, आणि चित्र पलंगाखालच्या ट्रंकेत गेलं.

प्रदर्शनाला ती डबाभर सांदणं घेऊन आली. माझ्या चित्रांसमोर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "ह्या आमच्या ताई!" लोक मान डोलवून पुढे जात होते. मी सांदण खाल्लं. गोड लागलं — खोटं कशाला सांगू?

वर्ष सरलं. आणखीही सरली. शाहीनने आईची चित्रं फ्रेम करायला मागितली, तर फरीदा म्हणाली, "ताई सांगतील तेव्हा." शाहीन माझ्याकडे बघत राहिली. मी ब्रश धुवत होते. तेव्हा तरी सांगायचं! पण आज चांगलं म्हटलं, तर तेव्हा का नाही म्हटलं, हे कुणीतरी विचारलं असतं. मी ब्रश धुवतच राहिले.

गेल्या महिन्यात शेवटी धीर केला. प्रदर्शन पुन्हा भरतंय. "फरीदा, या वेळी तुझी होडी दे. चांगली आहे. फार चांगली आहे."

ती हसली. "नको ओ ताई. आता लोकांना दाखवायचं म्हटलं की ब्रशच उचलवत नाही. आपण दोघी बसतो तेच बरं. आणि तेव्हा तुम्ही थांबवलंत ते चांगलंच केलंत. नाहीतर हसं झालं असतं माझं. खरं तोंडावर सांगणारं माणूस कुठे भेटतं?"

आणि तिने माझ्या कपात चहा ओतला.

त्यावर मी काय बोलले? चहात आलं छान उतरलंय, असं म्हणाले.