हळू आवाजाची दवंडी

ये गं मने, अशी जवळ बस. आधी तो कागद खाली ठेव. बायकांच्या सभेत बोलायचं म्हणून चार पानं लिहून आणलीस, आणि दोनदा ऐकूनही तुझं म्हणणं काय ते मला कळेना! आजीवर रागावू नकोस. आमच्या डफडेबाबाचं ऐक.

बडनेऱ्याजवळच्या आमच्या गावात दवंडी द्यायचं काम त्याचं. पण आवाज असा, की दोन घरांपलीकडे जायचा नाही. डफडं जोरात वाजवायचा आणि मग गप्प उभा राहायचा. लोक वैतागून बाहेर येत, "बोल ना बाबा, काय हाय?" मग हा हळूच सांगायचा. म्हणायचा, "बोंबललं का लोक घरातूनच आयकतात. हळू बोललं का जवळ येतात."

ती वर्षं कापसाची. कुठंतरी दूर लढाई पेटली म्हणून वऱ्हाडच्या रुईला विलायतेत मागणी आली, शिवारभर कपाशी झाली, आणि गाठी न्यायला लोखंडी रस्ता आमच्या वावरांमधून आला. रुळांच्या कामावर लांब जाऊन आलेला डफडेबाबा सोडला, तर गाडी कुणीच पाहिलेली नव्हती. तहसिलीतला कारकून हुकूम घेऊन आला आणि "लोहमार्गाचे उभय बाजूंस" असं काहीबाही बराच वेळ वाचत राहिला. डफडेबाबानं विचारलं, "साहेब, याच्यात माणूस मरते ते कुठं लिवलं हाय?"

कारकून डाफरला, "तुला काय करायचं? लिहिलंय तसं सांग!"

त्यानं तसंच सांगितलं. गावाला एवढंच कळलं, की सोमवारी गाडी येणार. माझी आई गावची पाटलीण. तिनं लगेच बायका जमवल्या. नवी बैलजोडी आली की समोर उभं राहून पायांवर पाणी घालतो, ओवाळतो, तसंच हिचं करायचं ठरलं. अगदी रुळांच्या मधोमध उभं राहून! मी आठ वर्षांची. पाण्याचा तांब्या माझ्याकडे.

हे कानावर आलं तेव्हा डफडेबाबा जेवत होता. भाकर टाकून उठला. त्याची बायको म्हणाली, "जाय ना मंग, वाजव डफडं!"

"थांब वं. एकडाव वाया गेलं. आता काय बोलाचं ते आधी ठरवू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डफडं न घेताच विहिरीवर आला. सगळ्या बायका तिथं होत्या. लांब उभा राहून आईला म्हणाला, "पाटलीनबाई, उधळलेल्या बैलगाडीले तुमी समोरून ओवाळसान काय?"

"येडा झाला काय बाबा? गाडीवान कासरा ओढीन, मंग ओवाळू."

"अन् कासराच नसन तं?"

बायका घागरी खाली ठेवून पुढे सरकल्या.

"ह्या गाडीले कासरा नाही. हाकणाऱ्यानं थांब म्हटलं तरी चार वावरं पुढं जाते. ओवाळा, पण रुळापासून लांब, त्या वावरातल्या बाभळीपाशी उभ्या राहून."

एवढंच. नंतर मला म्हणाला, "नका जाऊ म्हटलं असतं तं तुई माय मुद्दाम गेली असती. कुठं उभं राहाचं ते सांगाव."

सोमवारी गाडी आली ती धडधडत, जमीन हलवत. वाऱ्यानं सगळी निरांजनं विझली, कुंकू उडून डफडेबाबाच्या मुंडाशावर. गाडी निघून गेली तरी आईनं माझं मनगट सोडलं नाही. मग त्याच्याकडे वळून तिनं हात जोडले. पाटलीणबाईंनी कुणापुढे हात जोडलेले मी तेव्हाच पाहिले.

पुढे मी लग्न होऊन अकोल्याला, जठारपेठेत आले. तो थकला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडायचा, "पोरीले म्हना, येऊन जाय." मी म्हणायची, वेचणी होऊ दे, दिवाळी होऊ दे, मुलाचं जावळ होऊ दे. गाडी रोज होती गं! शेवटी गेले, तर त्याची बायको दारात एकटीच. म्हणाली, "लय वाट पायली तुई." इतका सरळ निरोप, आणि मीच ऐकला नाही.

जा आता, उशीर होईल. पण मने, सभा झाली की ये हं. त्याच आठवड्यात ये.