क्रूझ लावलेल्या गाडीमागची ट्रॉली

"सायेब, गाडी माह्यं ऐकतच नाई. चढाव आला का बोंबलते अन् उताराले आपल्या मनानं पळते."

सर्व्हिस काउंटरवर सुलभाताई गावंडे उभ्या होत्या. वरूडला त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. वय पन्नाशीच्या पुढे. नर्सरी त्याच चालवतात आणि गाडीही त्याच. मी अमरावतीतल्या एका कार वर्कशॉपमध्ये सर्व्हिस मॅनेजर आहे. या धंद्यात सव्वीस वर्षं झाली. गाडी आपोआप पळते, ही तक्रार मला नवीन नाही. बहुतेक वेळा पायाखालचं मॅट सरकून पेडलवर चढलेलं असतं.

मॅट जागेवर होतं.

मग स्कॅनर लावला. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं हे यंत्र. बिघाड असला की त्याचा कोड दाखवतं. एकही कोड आला नाही. ब्रेक बघितले, थ्रॉटल बघितलं, सगळं ठीक. आमचे वर्क्स मॅनेजर कुलकर्णी नुकतेच पुण्याहून बदलून आले होते. त्यांनी स्क्रीनवर नजर टाकली.

"वानखडे, नो फॉल्ट फाउंड लिहा आणि जॉब कार्ड बंद करा."

मला ते पटेना. बाई शांत होत्या, पण उगाच ऐंशी-नव्वद किलोमीटर गाडी चालवत येणाऱ्यातल्या दिसत नव्हत्या. मी विचारलं, "ताई, हे रोजच होते का?"

"नाई. अकोल्याले जातानी होते. मोठ्या रोडले क्रूझ लावलं का."

"तुम्ही क्रूझ लावता?"

"मंग? तुमीच तं शिकवलं मले. पाडव्याले."

मला आठवलं. त्या पाडव्याला आमच्याकडे डिलिव्हरीसाठी रांग लागली होती. सेल्सवाले पुरेनात म्हणून मलाही उभं केलं होतं. सुलभाताईंना मी जेमतेम दहा मिनिटं दिली असतील. क्रूझ कंट्रोल म्हणजे काय, तर तुम्ही एक वेग ठरवून बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. तेवढा वेग राहावा म्हणून गाडी स्वतःच ॲक्सिलरेटर कमी-जास्त करते. "पाय मोकळा सोडा ताई, आरामात बसा," असं मीच म्हणालो होतो. तेव्हा गाडीच्या मागे काही ओढायचा हूक नव्हता.

"आता मांगं ट्रॉली असते ना," त्या सहज बोलल्या.

ट्रॉली गेटबाहेर उभी होती. दोन चाकांची, लोखंडी, गावातल्या फॅब्रिकेटरने बनवलेली. तिला ब्रेक नव्हते. आत काळ्या मातीच्या पिशव्यांत लावलेली कलमं दाटीने भरली होती. अगदी मागच्या कडेला पाण्याने भरलेला दोनशे लिटरचा ड्रम.

"हा मागं काहून ठेवला?"

"उतरलं का लगेच पानी माराले सोपं जाते."

अर्धी गोष्ट मला तिथेच कळली. चढावर एवढं ओझं घेऊन ऐंशीचा वेग टिकवायचा म्हणून इंजिन ओरडत होतं. उतारावर ट्रॉली मागून गाडीला ढकलत होती. या गाडीचं क्रूझ ॲक्सिलरेटर सोडू शकतं, ब्रेक लावू शकत नाही. म्हणजे बिघाड नव्हताच. ट्रॉली असताना क्रूझ लावू नका, ड्रम पुढे घ्या, एवढं सांगून मी विषय संपवायला हवा होता.

कुलकर्णी म्हणाले, "रिपोर्टमध्ये लिहायला काहीतरी रीडिंग हवं. एक रन घेऊन या." मलाही लॅपटॉपवर तो ग्राफ बघायचा होता. ड्रम मागे आहे हे मी पाहिलं होतं, तरी हलवला नाही. ती चूक माझी.

सुलभाताईंबरोबर नर्सरीत काम करणाऱ्या दोघी आल्या होत्या, कौसल्याबाई आणि मंदा. टेस्ट ड्राइव्हला कस्टमरशिवाय कोणी नको, असा आमचा नियम. त्या दोघी समोरच्या चहाच्या टपरीवर बसल्या. आम्ही निघालो. गाडी सुलभाताई चालवत होत्या, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन.

बडनेरा मागे पडलं. अकोल्याचा चौपदरी रस्ता मोकळा होता. तीन दिवस पाऊस नव्हता, डांबर कोरडं. ताईंनी ऐंशीवर क्रूझ लावलं आणि पाय काढून खाली ठेवला. काही वेळाने एक उड्डाणपूल आला. चढाला गिअर खाली पडला, इंजिन ओरडलं.

"आयका. हेच म्हणून राहिली होती मी."

"दिसलं ताई. ग्राफमध्येही आलं."

पुलाचा उतार सुरू झाला. ऐंशीचे शहाऐंशी झाले, मग एक्क्याण्णव. मी "आता क्रूझ बंद करा" म्हणणार, तेवढ्यात उजवीकडून एक ट्रॅव्हल्सची बस सुसाट पुढे गेली. तिच्या हवेचा धक्का बसला.

मी डावीकडच्या आरशात पाहिलं. त्यात ट्रॉलीची मागची कड दिसली. ती तिथे दिसायला नको होती. मग ती गायब झाली. ताई ओरडल्या, "इकडे आली!" आता ती त्यांच्या आरशात होती. मग पुन्हा माझ्या. दर वेळी पहिल्यापेक्षा जास्त. यालाच ट्रेलर स्वे म्हणतात. मागे वजन जास्त असलं की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही हलवतो. अशा वेळी ब्रेक दाबायचा नसतो. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा.

हे मला पाठ होतं. मी ओरडलो, "ताई, पाय काढा! पाय काढा!"

"पाय कुठी हाये सायेब! पाय तं खालीच हाये!"

ॲक्सिलरेटर गाडीच्या ताब्यात होता. उतार संपून सपाट रस्ता लागला, वेग ऐंशीवर आला. इथून तो साठ-पन्नासवर उतरला असता तर ट्रॉली शांत झाली असती. पण क्रूझला ऐंशी सांगितलं होतं. इंजिनचा आवाज वाढला. आम्हाला थांबायचं होतं आणि गाडी इमानदारीने ॲक्सिलरेटर देत होती.

कॅन्सलचं बटण स्टिअरिंगवर, ताईंच्या उजव्या अंगठ्याजवळ. मी हात घातला, पण स्टिअरिंग इकडून तिकडे फिरत होतं. बटण सापडेना. ताईंनी त्यांच्या जागी कोणीही केलं असतं तेच केलं. जोरात ब्रेक दाबला.

ट्रॉली कडेने फिरून आमच्या बरोबरीला आली. मागे कडकड आवाज झाला. हूक उपटला. गाडी अर्धी गर्रकन फिरली आणि डाव्या कडेच्या मुरमावर जाऊन थांबली. ट्रॉली दोन कोलांट्या खाऊन नालीत उलटी पडली. चाकं वर, फिरत होती. कलमं आणि माती रस्त्याभर. ड्रम चेपून सपाट झाला होता. मागून कोणी येत नव्हतं, एवढंच नशीब.

आम्हा दोघांना खरचटलंही नव्हतं. मी ताईंना विचारलं, "लागलं का?" ताई उलट्या ट्रॉलीकडे एकटक बघत होत्या. लोखंडी पत्रा जमिनीत रुतला होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"कौसल्या अन् मंदा मांगं बसतेत, सायेब."

"मागं? मागच्या सीटवर ना?"

"नाई. ट्रॉलीत. ड्रमापाशी. कलमं धरून बसा लागते. आज तुमी नाई म्हनलं म्हनून त्या राह्यल्या."

मी मुरमावरच बसलो. त्या दोघी टपरीवर बसल्यात हे मी डोळ्यांनी पाहून आलो होतो. तरी वर्कशॉपला फोन लावला आणि इलेक्ट्रिशियनला विचारलं, "त्या दोन बाया कुठं आहेत?"

"चहा पिऊन राहिल्या. काहून?"

मी फोन ताईंच्या हातात दिला. त्यांनी कौसल्याबाईंना बोलावून घेतलं. तिकडून आवाज आला तेव्हा त्यांना पहिल्यांदा रडू फुटलं.

क्रेन येईपर्यंत तासभर गेला. ताईंनी एका कलमाला हात लावला नाही. एकच विचारलं, "तुमाले हे माईत होतं, तं पाडव्याले काहून नाई सांगतलं?"

"तेव्हा हूक नव्हता ताई," असं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. दिलं नाही. हूक लावणार का, हे मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये त्या गाडीचं ओनर्स मॅन्युअल उघडलं. ट्रेलर जोडलेला असताना क्रूझ कंट्रोल वापरू नये, असं चौकटीत छापलेलं होतं. ताईंची प्रत तोवर सीलबंद पिशवीतच होती. आमच्या ऑफिसातली प्रतही.

कुलकर्णींनी रिपोर्ट वाचला. "यात फॉल्ट कोणाचा लिहिलाय?"

"माझा," मी म्हणालो. "पाडव्याच्या डेमोचा आणि या टेस्टचा, दोन्ही."

त्यांनी खाली सही केली.

सुलभाताई आता कंपनीत बनलेला, ब्रेकवाला ट्रेलर वापरतात. जड माल चाकांच्या किंचित पुढे ठेवतात, ड्रम नेतच नाहीत. कौसल्याबाई आणि मंदा गाडीत, बेल्ट लावून. मोठ्या रोडलाही पन्नास-पंचावन्नचा वेग, तोही स्वतःच्या पायाने.

आणि मी प्रत्येक डिलिव्हरीला एक प्रश्न विचारतो, मागे काही जोडणार का? शंभरातले नव्याण्णव लोक हसतात. उरलेल्या एकाला मी खुर्चीवर बसवतो, मॅन्युअलची पिशवी त्याच्यासमोर फाडतो आणि ते पान मोठ्याने वाचायला लावतो.