विचार करून ठेवतो

अकोटच्या उत्तरेला सातपुडा निळा दिसतो आणि दक्षिणेला नजर पोचेल तिथवर काळी जमीन पसरलेली आहे. त्या जमिनीतला एक कास्तकाराचा पोरगा जपानात जाऊन शिकून आला, हे आता सांगितलं तर लोक हसतात. पण तो गेला होता. सहदेव त्याचं नाव. बाप नत्थुजी, आई गोदाबाई.

अमरावतीच्या कॉलेजात बी. ए. झाल्यावर त्यानं वर्तमानपत्रातली शिष्यवृत्तीची जाहिरात पाहून अर्ज केला होता. सत्तावन्न साली तो मुंबईहून बोटीनं निघाला. ओसाकाच्या विद्यापीठात तीन वर्षं तो त्या लोकांची भाषा शिकला, त्यांच्या व्यापारी पेढ्यांची रीत शिकला, माणसं एकमेकांत कशी वागतात तेही शिकला. पत्रं यायची, ती गावातले मास्तर घरी येऊन वाचून दाखवायचे. एकदा त्यानं लिहिलं, की इथं थोरांशी बोलायचं क्रियापद वेगळं आणि धाकट्यांशी बोलायचं वेगळं. नत्थुजी म्हणाला, "आपलं बरं हाय बापा. बैलाले बी हो, अन् पाटलाले बी हो."

साठ साली सहदेव परत आला. अंगानं वाळला होता, आवाज खाली आला होता. आमच्याकडे माणूस बोलतो ते शेजारच्या वावरात ऐकू जातं. सहदेवचं बोलणं मात्र समोरच्याला कान पुढे करून ऐकावं लागे.

तेव्हा अकोटात कास्तकारांची एक सोसायटी होती आणि खुशालराव तिचे अध्यक्ष होते. दलाल वगळून कापूस थेट जपानला विकायचा, हा त्यांचा ध्यास. सहदेवनं ओसाकाच्या एका पेढीला पत्रं लिहिली, आणि एकसष्टच्या जानेवारीत त्या पेढीचा माणूस खरंच अकोटात उतरला. ओनिशी त्याचं नाव.

सोसायटीच्या जिनात सरकी काढायची, त्या जिनाच्या आवारात कापसाचे पांढरे ढीग पडले होते. ओनिशी साहेबांनी चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, धागा उन्हाकडे धरला. खुशालराव सांगत होते, सहदेव ते जपानीत सांगत होता, आणि प्रत्येक वाक्याला साहेब मान लववून म्हणत होते, "हाय. हाय."

लोकांत हशा उसळला. "अरे, हा तं आपल्यासारखंच हाय म्हनते!"

सहदेवला ठाऊक होतं, त्यांचं 'हाय' म्हणजे 'ऐकतो आहे', एवढंच. शेवटी साहेबांनी कापूस हळूच परत ढिगावर ठेवला, हसले आणि एक वाक्य बोलले.

"का म्हनते?" खुशालरावांनी विचारलं.

शब्दाला शब्द लावला तर त्या वाक्याचा अर्थ होतो, 'विचार करून ठेवतो.' पण ओसाकाचा व्यापारी ते बोलला म्हणजे दार लागलं. तोंडावर नाही म्हणणं तिथं असभ्य. दुसऱ्याच वर्षी प्राध्यापकांनी हे शिकवलं होतं, आणि सहदेवनं ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

समोर नत्थुजी नवं धोतर नेसून बसला होता. सारं आवार सहदेवच्या तोंडाकडे पाहत होतं. साहेब अजून शेजारी उभे. पाहुण्याच्या देखत सरळ नाही म्हणायला सहदेवची जीभ वळेना. तो नुसती भाषा शिकून आला नव्हता, ती भीडही घेऊन आला होता.

"विचार करून ठेवतो म्हनते," तो म्हणाला.

"ठेवतो म्हनते? मंग झालं!" खुशालरावांनी मांडीवर थाप मारली. "आपला माल त्याच्यासाठी ठेवा लागते. कोनी इकू नका रे!"

आमच्याकडे सौद्यात 'ठेवतो' म्हणजे माल राखला. ओनिशी साहेबांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि मोटारीत बसून गेले.

माघात व्यापारी आले, त्यांना परत पाठवलं. फाल्गुनात भाव उतरला, तरी सोसायटीचा कापूस आवारातच. सहदेव रोज ठरवायचा, आज सांगू. एकदा खुशालरावांच्या ओट्यापर्यंत गेला. ते म्हणाले, "ये रे, जपानी बालिस्टर! चिठ्ठी आली का?" तो म्हणाला, "नाही, काकाजी," आणि चहा पिऊन परत आला. चिठ्ठी येणारच नाही, हे त्याच्या तोंडून निघालं नाही.

राखणीला पाळ्या लावल्या होत्या. नत्थुजी दुसऱ्याचीही पाळी हौसेनं करायचा. "माह्या पोराचा सौदा हाय," म्हणायचा.

चैत्रात एका दुपारी ढिगातून धुराचा वास आला. ठिणगी कुठून पडली, कोण जाणे. कापूस आतून जळत जातो आणि वरून पांढराच दिसतो. नत्थुजी पाण्याची बादली घेऊन ढिगावर चढला. चार पावलं गेला, आणि पाचव्याला कंबरेपर्यंत आत गेला. लोकांनी दोर टाकला, पण तो धरायला त्याचे हात वर आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, सहदेव अंगणात सगळ्यांसमोर बोलला. "त्यानं तवाच नाही म्हटलं होतं, काकाजी."

खुशालरावांना आधी कळेना. मग कळलं. "तुले मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून नाही बोलला बे?"

खुशालराव उठले, चपला हातातच घेऊन फाटकाबाहेर गेले. त्यानंतर त्या घरी ते आले नाहीत. गोदाबाई भिंतीला टेकून होती. तिनं सगळं ऐकलं आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

सहदेव अमरावतीला एका कचेरीत कारकून झाला. लग्न केलं नाही. जपानी शिकवता का, म्हणून कुणी विचारत आलं, तर वेळ नाही म्हणायचा. ओसाकाहून प्राध्यापकांचं नववर्षाचं कार्ड दरवर्षी यायचं. तो वाचायचा, उत्तर लिहायचा नाही.

सहासष्टच्या पावसाळ्यात गोदाबाईचं पोट फुगलं. सहदेव तिला अकोल्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून त्याला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा ती बाकावर पाय वर घेऊन बसली होती.

"का म्हने डाक्तर?"

त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. "नाही म्हने, माय. तू वाचत नाही."

बाजूच्या बाकावरची बाई चरकली.

"पाच वर्सं लागले तुले," गोदाबाई म्हणाली. "तवा बोलला असता तं तुहा बाप असता."

मग ती उठली. त्यानं हात पुढे केला होता, पण ती भिंतीला धरून पायऱ्या उतरली, आणि तो पिशवी घेऊन मागं मागं चालत राहिला.