यादीतला पाचवा

आमच्या आंब्याच्या बागेत राखणीला दरवर्षी चार नेपाळी येतात. त्यांना व्हिसा लागत नाही. ओळखपत्राची झेरॉक्स पोलीस ठाण्यात दिली की झालं. यंदा त्यांच्यासोबत पाचवा आला, तो बांगला बोलायचा. कागद मागितला तर म्हणाला, "उस पार का हूँ, साब. कागज नहीं है. आम उतरने तक रहने दो." मी राहू दिलं. दया वगैरे काही नव्हती. आंबे उतरवायचा झेला, म्हणजे जाळीची काठी, हातात देऊन पाहिला, तर त्याच्याइतक्या हलक्या हाताने कोणी धरत नव्हतं, एवढंच.

मग पोलीस ठाण्यातून निरोप आला, बाहेरच्या कामगारांची यादी द्या. हातखंब्याला चहाच्या टपरीवर तोच विषय. निवृत्त मास्तर म्हणाले, "कायद्याने या ना, कोण नको म्हणतंय? चोरून आलेला तो चोरच." फवारणीवाला उसळला, "मग एप्रिलात झाडावर तुमी चढनार काय, गुरुजी?" आखातातून परतलेला एकजण बशीत बघत म्हणाला, "विनाकागद एक दिवस राहून बघा, मग बोला." मला तिघांचंही पटलं. मी असाच आहे, ज्याचा चहा त्याचं खरं.

खरं तर माझा धाकटा भाऊ आखातात तीन वर्षं विनाकागद आहे. व्हिसा संपला, कंपनी सोडली, आता मिळेल तिथे रंगकाम करतो. गावात आम्ही सांगतो, कंपनी बदलली.

यादी मी सकाळी मोबाईलवरच लिहिली. लपवलं तर मालकावर गुन्हा, असं ऐकलं होतं. चार नावं लिहिली, पाचवं लिहिलं, पुढे 'कागदपत्रे नाहीत' असं लिहून पाठवून दिलं. काहीतरी वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं. वाटलं मात्र काही नाही.

त्याच दिवशी आंबा उतरवायचा मुहूर्त होता. आमच्याकडे त्याआधी बागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. टपरीवरचे तिघेही आले होते. गाऱ्हाणं काका घालतात, आणि देवाला अर्धवट सांगितलेलं त्यांना चालत नाही. आई त्यांच्या कानाशी लागली, धाकट्यासाठी काही म्हणा. काकांनी सगळ्या बागेला ऐकू जाईल असं म्हटलं, "ह्या घरचा धाकला पोर परमुलखात हाय, त्याच्याजवल कागद नाय! कुना शिपायाची नजर त्याच्यावर पडू देऊ नुको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मास्तरही म्हणाले. सर्वांत मोठ्याने पाचवा म्हणाला. एवढे दोन शब्द तो इथे शिकला होता. मला लाज वाटली ती फक्त गावाला कळलं याची.

प्रसादाचं खोबरं वाटताना तो जवळ आला. नेपाळ्यांनी त्याला सगळा अर्थ सांगितला असावा. "नहीं पकड़ेंगे आपके भाई को, साब," तो म्हणाला. "भगवान ने सुन लिया." तेव्हा त्याला पळ म्हणता आलं असतं. आख्खी दुपार हातात होती. मी त्याला वरच्या अंगाची दोन झाडं दाखवली, ती आज उतरवून घे म्हणालो.

जीप दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तो झाडावर होता. झेल्यात होते तेवढे आंबे त्याने आधी खाली सोडले, एकालाही मार लागू दिला नाही, मग उतरला. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. पोलिसांनी माझी सही घेतली.

आईने त्याच्या हातात तांदळाच्या भाकऱ्यांचं पुडकं दिलं. जीप वळून दिसेनाशी झाली तरी ती बागेच्या दगडी गडग्यापाशीच उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "धाकल्याला तिकडं मालक तुझ्यासारखा मिळू नये, बाबा."

मी मान हलवली आणि पेट्या भरायला गेलो.